अंडं पायावर, नजर इंडिकेटरवर

एम्परर पेंग्विन हा वृत्तीने डोंबिवलीकर आहे, हे विधान मी पूर्ण शुद्धीवर राहून करतो आहे. पेंग्विन म्हटलं की आपल्याला आधी थंडी आठवते. त्याच्या संसाराचं जे काही कौतुक होतं, तेही थंडीच्याच हिशोबात होतं. उणे चाळीस अंशांत बिचारा अंडं उबवतो, काय ते प्रेम, काय ती निष्ठा! माझं म्हणणं असं, की थंडी ही या संसाराची मुख्य अडचण नव्हेच. थंडीचा बंदोबस्त निसर्गाने त्याला जन्मतःच करून दिलेला आहे. कातडीखाली चरबीचा जाड थर आहे, वर पिसांचा दाट कोट आहे, आणि तो कोट दरवर्षी नवा मिळतो. त्याचं खरं दुखणं निराळं आहे. घर एका टोकाला आणि पोटापाण्याचा उद्योग दुसऱ्या टोकाला. त्याचं लग्न, बाळंतपण, उपास आणि काडीमोड या सगळ्यांचं मूळ मधल्या अंतरात आहे. ठाण्याच्या पुढे राहणाऱ्या वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये.

आधी भूगोल पाहू. एम्पररची वसाहत अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या समुद्री बर्फावर असते. हिवाळा वाढतो तसा हा बर्फ समुद्राच्या दिशेने पसरत जातो आणि मासे मिळतील असं उघडं पाणी दूर दूर सरकतं. काही वसाहतींपासून ते पन्नास ते शंभर किलोमीटरवर जातं. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर साधारण अठ्ठेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे आपला डोंबिवलीकर जिथे उतरतो तिथे पेंग्विनचा प्रवास जेमतेम रंगात येत असतो. तोही पायी, आणि पाय दमले की पोटावर घसरत. इंग्रजांनी १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आणली, म्हणून आपण एवढ्या लांब राहायची हिंमत केली. पेंग्विनने ती कसल्याही रेल्वेविना केली. आता कुणी विचारील, की मग पाण्याजवळ घर का घेत नाही? त्याचं उत्तर दादरला घर का घेत नाही, या प्रश्नाच्या उत्तराहून फार वेगळं नाही. पाण्याजवळचा बर्फ भरवशाचा नसतो. तो कधीही तुटून वाहून जातो. टिकाऊ जागा हवी असेल तर आतच जावं लागतं.

हा हिशोब कळला की भर हिवाळ्यात अंडी घालण्याचं कोडंही सुटतं. थंडीची हौस म्हणून कुणी हिवाळा निवडत नाही. पिल्लू मोठं होऊन स्वतःच्या पोटाची सोय करू लागायला पाच महिन्यांच्या वर लागतात. ते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात तयार झालं, तर तोपर्यंत बर्फ कडेने तुटत तुटत समुद्र जवळ आलेला असतो आणि मासेही मुबलक असतात. तिथून उलटे महिने मोजत मागे या. अंडं मे-जूनमध्ये घालावं लागतं, त्याआधी जोडी जमवावी लागते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच वसाहतीत हजेरी लावावी लागते. कल्याण-डोंबिवलीत शाळा सुरू व्हायच्या आत ताबा मिळावा म्हणून बिल्डरच्या मागे लागणारी जोडपी हेच गणित करतात. पेंग्विनला तारीख देणारा बिल्डर नाही, एवढाच त्याचा फायदा.

आता अंड्याकडे जवळून पाहू, कारण सगळं महाभारत तिथेच आहे. अंडं एकच असतं, साधारण साडेचारशे ग्रॅमचं. घरटं नाही. ते पायांवर ठेवायचं आणि पोटाखालची कातडीची घडी त्यावर ओढून घ्यायची. मादी अंडं घालते तेव्हा ती सव्वा-दीड महिना उपाशी असते आणि वजनाचा पाचवा हिस्सा घालवून बसलेली असते. तिला तातडीने समुद्र गाठायचा असतो. म्हणून अंडं नराच्या पायांवर द्यायचं. दोघं समोरासमोर उभी राहतात, माना खाली, चोची अंड्यावर. मादी पाय फाकवते, अंडं बर्फावर घरंगळतं, नर चोचीने ते आपल्या पायांवर ओढून घेऊ पाहतो. निसटतं. पुन्हा ओढतो. यात मिनिट-दोन मिनिटं जास्त गेली तर आतला जीव गोठतो. नवख्या जोड्यांची अंडी इथेच जातात. काम फत्ते झालं की मादी वळते आणि चालू लागते. निरोपाचं फारसं काही नसतं. दोन महिन्यांनी ती परत येते तेव्हा पासष्टएक दिवस उबवून पिल्लू बाहेर आलेलं असतं किंवा येण्याच्या बेतात असतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा महिला मंडळातून येतो. पाहा, आदर्श नवरा! पासष्ट दिवस अंडं सांभाळतो, आल्यापासूनचा हिशोब धरला तर जवळजवळ चार महिने अन्नाचा कण घेत नाही, चाळीसेक किलोचा गडी बावीस-तेवीस किलोंवर येतो. आपल्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस एवढं पोटात गेल्यावर ‘आज उपास आहे’ म्हणून आडवं होणाऱ्यांनी चार महिने बर्फ चघळून राहणाऱ्या या व्रतस्थाचा आदर करावा, यात वाद नाही. पण त्याच्या त्यागाचा अर्थ लावताना जरा थांबावं. तो अंडं सांभाळतो, कारण दोघांपैकी त्याच्याच अंगावर चरबी शिल्लक असते. दोघं आळीपाळीने रोज जाऊन येतील असं समुद्राचं अंतरच नाही, त्यामुळे एकाची पाळी दोन महिन्यांची होते. वसाहत पाण्याच्या कडेला असती तर हाच नर चार दिवसांत ‘जरा जाऊन येतो’ म्हणाला असता. लहान पेंग्विनांच्या बऱ्याच जातींत पाळ्या काही दिवसांच्या, कधी दिवसाच्याच असतात, कारण मासे जवळ असतात. तिथल्या नरांना कुणी संत म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थंडी गौण असेल तर मग ही मंडळी एकमेकांना बिलगून का उभी राहतात? उत्तर असं, की बिलगणं हे बचत करण्याचं साधन आहे. समुद्र जवळ असता, भूक लागली की खाता आलं असतं, तर कण कण चरबी वाचवत उभं राहावं लागलं नसतं. पण या गर्दीविषयी सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या वाचकाचा या विषयावरचा अधिकार अंटार्क्टिकातल्या शास्त्रज्ञांपेक्षा मोठा आहे. एम्पररच्या घोळक्यात एका चौरस मीटरमध्ये आठ-दहा पक्षी मावतात आणि आतलं तापमान सदतीस अंशांपर्यंत चढतं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेने त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव देऊन ठेवलं आहे, आणि माणूस पेंग्विनहून बराच मोठा आहे, हेही लक्षात घ्यावं. दाटीच्या बाबतीत पेंग्विन आपल्यापुढे कच्चा लिंबू आहे.

शिस्तीत मात्र तो आपल्याला ऐकत नाही. घोळका स्थिर दिसतो, पण दर अर्ध्या-एक मिनिटाला एखादा पक्षी पाच-दहा सेंटिमीटरचं पाऊल टाकतो, शेजारचा टाकतो, आणि ती हालचाल सबंध गर्दीतून लाटेसारखी जाते. त्यामुळे गर्दी घट्टही होते आणि आतले-बाहेरचे हळूहळू बदलतही राहतात. वाऱ्याच्या बाजूला उभे असलेले पक्षी कडेकडेने चालत मागे जातात आणि आडोशाच्या बाजूने पुन्हा आत शिरतात. मुंबईला जायचं म्हणून आधी उलट्या गाडीने कल्याणला जाऊन सीट पकडणारा डोंबिवलीकर ही युक्ती न शिकवता ओळखेल. फरक एवढाच, की पेंग्विनच्या गर्दीत विंडो नाही, चौथी सीट नाही, रुमाल टाकून अडवलेली जागा नाही, आणि ‘आमचा ग्रुप आहे’ असं सांगून नवख्याला उठवणारे नाहीत. याचंही कारण स्वभावात नाही, मालमत्तेत आहे. बाकीच्या बहुतेक पेंग्विनांना घरटं असतं, म्हणून ते शेजाऱ्याला चोच मारतात. एम्पररकडे राखायला जागाच नाही, जी काही इस्टेट आहे ती पायांवर आहे. भांडायला कारण उरलं नाही म्हणून तो शांत आहे. आणि तुलना एका ठिकाणी साफ थांबते. त्याच्या गर्दीला दार नसतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराला लटकलेली माणसं गाडीतून पडून गेली. असलं मरण कुठल्याही पेंग्विनला येत नाही.

आता निष्ठेचा मुद्दा. २००५ साली एम्परर पेंग्विनांवर एक फ्रेंच माहितीपट आला. त्याला ऑस्कर मिळालं, आणि अमेरिकेतल्या सनातनी मंडळींनी एकपत्नीव्रताचा दाखला म्हणून तो डोक्यावर घेतला. वस्तुस्थिती अशी, की एम्परर जोडी एका हंगामापुरती असते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघं एकत्र येण्याचं प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशी लग्नं वर्षाच्या आत बरखास्त. कारण पुन्हा तेच: अंतर आणि वेळ. लांबून चालत यायचं, पोहोचल्यावर भेटायची ठरलेली जागा नाही, हजारोंच्या गर्दीत नुसत्या आवाजावरून जोडीदार ओळखायचा, आणि तो उशिरा आला तर वाट पाहत बसण्यात अंगावरची चरबी जाळायची. थांबणाऱ्याचा हंगाम बुडतो. याउलट ज्या जातींना कायमचं बीळ किंवा घरटं असतं, ते पक्षी दरवर्षी त्याच जागी येतात आणि त्यामुळे बहुतेकदा त्याच जोडीदाराला भेटतात. निष्ठा आधी पत्त्यावर असते, जोडीदारावर ती ओघाने येते. दोघांच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटने आणि वीस वर्षांच्या हप्त्यांनी आपल्याकडची किती लग्नं तारली आहेत, याचा अभ्यास कुणी तरी करायला हवा. योगायोग असा, की त्याच २००५ साली निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला. एका चित्रपटाने लांबून येणाऱ्याला साधू ठरवलं, दुसऱ्याने त्या साधूचं डोकं कधी फिरतं ते दाखवलं. मला दुसरा जास्त शास्त्रीय वाटतो.

ॲडेली नावाच्या धाकट्या जातीबद्दल थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे घरं आहेत आणि म्हणून गुन्हेही आहेत. हे पक्षी खडे रचून घरटं करतात. खड्यांचा तुटवडा असतो, त्यामुळे शेजाऱ्याची पाठ वळली की त्याचा खडा उचलायचा ही तिथली रीतच आहे. घोडबंदर रोडच्या बांधकामांवर वाळू-विटांच्या राशींना रखवालदार का ठेवतात, ते ॲडेलींना लगेच कळेल. १९११-१२ मध्ये अंटार्क्टिकात गेलेल्या स्कॉटच्या मोहिमेतले डॉक्टर जॉर्ज मरे लेव्हिक यांनी या पक्ष्यांचा सबंध हंगाम पाहिला. त्यांच्या कामक्रीडा पाहून ते इतके हादरले, की वहीतल्या काही नोंदी त्यांनी ग्रीक अक्षरांत केल्या, म्हणजे भलत्याच्या हाती पडल्या तरी कळू नयेत. तो भाग १९१५ मध्ये मोजक्या प्रतींत, ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असा शिक्का मारून छापला गेला आणि थेट २०१२ मध्ये जगापुढे आला. पेंग्विनांची सोज्ज्वळ प्रतिमा शंभर वर्षं टिकली ती या संपादकीय खबरदारीमुळे.

पिल्लांकडे वळलं की मुद्दा आणखी पक्का होतो. मादीला यायला उशीर झाला, तर चार महिन्यांचा उपाशी नर स्वतःच्या अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून पिल्लाला आठ-दहा दिवस जगवतो. पक्ष्यांत ही कला फार थोड्यांना येते. कबुतरांना येते, ज्यांच्यासाठी आपण बाल्कनीला जाळ्या लावतो, आणि रोहित पक्ष्यांना येते, जे पाहायला आपण ठाणे खाडीवर दुर्बीण घेऊन जातो. हे रोहित आणखी एका अर्थाने आपले आहेत. ते थंडीत ठाणे खाडीच्या चिखलात पोटासाठी येतात आणि संसार मात्र कच्छच्या रणात थाटतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, तरी इथे घर करावं असं त्यांना वाटलेलं नाही. असो. एम्पररचं पिल्लू दीडेक महिन्याचं झालं की एकट्याच्या कमाईत भागत नाही. मग आई आणि बाप दोघंही समुद्रावर जाऊ लागतात आणि पिल्लं एकत्र गोळा होऊन उभी राहतात. हे पाळणाघरच. परतलेला पालक हाका मारत येतो आणि त्या शेकडो करड्या गोळ्यांतून आपलं तेवढं ओळखून त्यालाच भरवतो. संध्याकाळी साडेसातला डोंबिवलीत उतरून पाळणाघराकडे धावणाऱ्या आईला यात कुठलाही चमत्कार दिसणार नाही.

एवढं सगळं करून घर पक्कं निघेल याची खात्री आहे का? नाही. पिल्लाच्या अंगावर आधी लव असते, तिच्यात पाणी शिरतं. पक्की पिसं यायच्या आत बर्फ फुटला तर पिल्लं बुडतात किंवा गारठून मरतात. हॅली बे इथली वसाहत जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी होती. २०१६ मध्ये तिथला बर्फ वेळेआधी फुटला आणि हजारो पिल्लं गेली. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या कडेच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचलं नसावं, असं उपग्रहचित्रांवरून दिसलं. टिकाऊ म्हणून घेतलेली जागाच पायाखालून गेली. डोंबिवलीत खोट्या परवानग्या आणि रेराचे नोंदणी क्रमांक दाखवून उभ्या केलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा आत राहायला गेलेल्या कुटुंबांनीही कागद पाहूनच घर घेतलं होतं. पेंग्विनला निदान कर्जाचा हप्ता नसतो.

आता शेवटचा पुरावा. तो अंटार्क्टिकात नाही, मध्य रेल्वेवरच आहे. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आले. तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: मुंबईच्या उकाड्यात हे जगतील कसे? खर्चावरून टीका झाली, राजकारणात ‘पेंग्विन’ हा शब्द चिमटा काढायला वापरला जाऊ लागला. पण हम्बोल्ट हा बर्फातला पक्षीच नव्हे. तो पेरू आणि चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरचा. तिथे ऊन आहे, कॅक्टस आहेत, थंड आहे तो फक्त समुद्राचा प्रवाह. पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत तो बीळ करतो. एकोणिसाव्या शतकात हीच विष्ठा खत म्हणून खणून जहाजांनी युरोपला गेली आणि पर्यायी जागा किंवा भाडं न देता या पेंग्विनांचा पुनर्विकास झाला. त्यांच्यावरचं दुसरं संकट एल निनोचं. समुद्र तापतो, मासे खोल आणि लांब जातात, आई-बापांना वेळेत परतता येत नाही, घरटी ओस पडतात. १९८२-८३ मध्ये पेरूत त्यांची संख्या अशीच कोसळली. बर्फाचा लवलेश नसलेल्या ठिकाणीही संसार मोडतो तो अंतर वाढल्यामुळे, हे मला दाखवायचं होतं.

राणीच्या बागेत हे अंतर शून्यावर आणलं गेलं. मासे हातात आणून मिळतात, तापमान सोळा-अठरा अंश, डॉक्टर जवळ. आठांतली एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली, सात उरले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी भारतातलं पहिलं पेंग्विन पिल्लू इथे जन्मलं आणि आठवड्याभरात गेलं. जन्मजात दोष असल्याचं नंतर सांगण्यात आलं. टीकाकार हे दोन मृत्यू मोजतात, आणि मोजावेतही. पण पुढचंही मोजावं लागेल. २०२१ पासून पिल्लं होत राहिली आणि २०२५ पर्यंत कळप विसाच्या घरात गेला. त्या वर्षी पिल्लांना इंग्रजी नावं नकोत, मराठी नावं द्या, अशी मागणीही झाली. जन्म भायखळ्याचा असल्यामुळे ती तर्काला धरूनच आहे. ‘पिंजऱ्यातला पुरावा पुरावा नव्हे’, असं कुणी म्हणेल. मान्य. पण पक्षी तोच आहे, अंडी दोनच, उबवायला चाळीसेक दिवस तेवढेच, पाळ्याही दोघांच्याच. मासे दाराशी आले, एवढा एक बदल सगळ्यांत मोठा. तिकीटखिडकीवर आई-बाप आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर रुपयांत सोडतात. रविवारी डोंबिवलीहून आलेलं कुटुंब बहुधा तिघांचं असतं. काचेपलीकडे जागा भायखळ्यात, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, एसी चोवीस तास, जेवण घरपोच, मेंटेनन्स महापालिकेकडे. अशा जागेत दुसरं अंडं कुणालाही परवडतं.